शाळा, धमकी आणि बातमी : सुरतेचा अनुभव

शाळेत बॉम्ब ठेवल्याचा ईमेल, मुले पळवणारी टोळी शहरात आल्याचा संदेश किंवा फाटकाजवळ बेवारस पिशवी आढळल्याची वार्ता, अशा कोणत्याही निमित्ताने हूल उठली की तिचे परिणाम एकाच वेळी दोन ठिकाणी सुरू होतात. शाळेच्या आवारात शिक्षक आणि पोलीस एका ठरलेल्या क्रमाने काम करू लागतात. शाळेबाहेर मात्र ज्यांना आत काय चालले आहे हे दिसत नाही, अशा पालकांचा, शेजाऱ्यांचा आणि वार्ताहरांचा जमाव वाढत जातो, आणि या जमावाला जी माहिती मिळते ती बहुधा आतून आलेली नसते. आपले मूल आपल्या नजरेआड, दुसऱ्याच्या ताब्यात आणि संकटात आहे, ही जाणीव माणसाला ज्या वेगाने घराबाहेर काढते त्या वेगाने दुसरी कोणतीही बातमी काढत नाही. म्हणूनच शाळेविषयीच्या हुलीचा विचार केवळ पोलीस तपासाच्या अंगाने करून भागत नाही. बातमी कशी पसरली आणि लोक कसे वागले, हा त्या घटनेचाच अर्धा भाग असतो.

या दृष्टीने सुरत शहराचा गेल्या तीन दशकांचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. भीतीपोटी रिकामे होणे, खरे बॉम्ब सापडणे, अफवेवरून निरपराध माणसाला मारहाण होणे आणि कोणतीही धमकी नसताना मुलांचा बळी जाणे, हे सारे या एका शहराने पाहिले आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष असा की, भीतीची व्याप्ती धोक्याच्या मोठेपणावरून क्वचितच ठरते. पहिल्या काही तासांत विश्वासार्ह माहिती कोणी, किती लवकर आणि कोणत्या भाषेत दिली यावर ती अवलंबून असते. ज्या धोक्याबद्दल हूल उठत नाही त्याकडे तर वृत्तपत्रे, वाहिन्या आणि पालक या सर्वांचेच दुर्लक्ष होते, मग तो धोका कितीही खरा असो.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले तेव्हा मोबाइल नव्हते, समाजमाध्यमे नव्हती आणि खासगी दूरचित्रवाणी नुकतीच रुजू लागली होती. तरीही चार-पाच दिवसांत काही लाख माणसे शहर सोडून गेली. वेड रोड आणि कतारगाम परिसरातील मृत्यूंविषयी प्रशासनाने सुरुवातीला स्पष्ट काही सांगितले नाही, मृतांचे आकडे शेकड्यांत असल्याच्या बातम्या छापल्या गेल्या, पाण्यात विष कालवल्याची अफवा उठली, आणि टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक औषध दुकानांतून नाहीसे झाले. अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद करून गाव सोडले, याचा लोकांच्या मनावर कोणत्याही मथळ्यापेक्षा अधिक परिणाम झाला. सुरतेतील शाळा बंद झाल्याच, पण शेकडो मैल दूर असलेल्या दिल्लीतही शाळांना कुलूप लागले. देशभरातील या साथीच्या मृत्यूंची अधिकृत संख्या पुढे साठच्या आतच राहिली. आजार खरा होता आणि घातकही होता. पण उधन्याहून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणाऱ्या गाड्यांत मुलाबाळांसह चढलेल्या खानदेशी कुटुंबांना त्याचा नेमका विस्तार किती, लागण कशी होते आणि उपचार कोठे मिळतो, हे सांगणारे त्या दिवसांत कोणी नव्हते.

यानंतर चौदा वर्षांनी आलेला प्रसंग वेगळ्या जातीचा होता, कारण त्या वेळी भीतीला पुरेपूर आधार होता. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत सुमारे ७० मिनिटांत २१ स्फोट झाले आणि ५६ माणसे मृत्युमुखी पडली. जखमींना जेथे नेले जात होते त्या रुग्णालयांच्या आवारातही स्फोट घडवले गेले. दुसऱ्याच दिवशी सुरतेत स्फोटकांनी भरलेल्या मोटारी सापडल्या, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत मुख्यतः वराछा या हिरे व्यवसायाच्या दाट वस्तीत आणि तिच्या आसपास झाडांवर, जाहिरातींच्या फलकांमागे, पुलांजवळ ठेवलेले बॉम्ब एकामागून एक हाती लागले. न्यायालयात पुढे आलेली त्यांची एकूण संख्या २९ होती. आतील विद्युत परिपथाच्या सदोष जोडणीमुळे त्यांतील एकही फुटला नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने अहमदाबाद आणि सुरतेच्या या एकत्रित खटल्यात ४९ आरोपींना दोषी ठरवले आणि त्यांपैकी ३८ जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

त्या आठवड्यात शाळा आणि बाजारपेठा यांचे व्यवहार ठप्प झाले, हे स्वाभाविकच होते. पण त्या दिवसांच्या वार्तांकनात आणि लोकांच्या वागण्यात एक विसंगती होती, आणि तिच्याकडे आजही गांभीर्याने पाहायला हवे. एकीकडे लोक मुलांना घराबाहेर सोडत नव्हते आणि दुसरीकडे बॉम्ब सापडल्याची वार्ता कळताच त्याच ठिकाणी बघ्यांची गर्दी उसळत होती; झाडावर चढून वस्तू खाली उतरवणारा पोलीस कर्मचारी, त्याच्याभोवती जेमतेम काही पावलांचे अंतर आणि त्यामागे माणसे व कॅमेरे, अशी दृश्ये देशभर दिसली. बॉम्बची जोडणी सदोष नसती तर त्याच गर्दीत किती माणसे दगावली असती, याची कल्पना करवत नाही. धोक्याच्या जागेपासून माणसे दूर ठेवणे हे पोलिसांचे काम आहे, मात्र ‘आत्ता या क्षणी अमुक चौकात’ असे थेट प्रक्षेपण चालू असताना ते काम जवळजवळ अशक्य होते, आणि बातमी देणाऱ्याने ही जबाबदारी स्वतःकडेही घ्यायला हवी होती.

त्यानंतर चारच महिन्यांनी मुंबईवर हल्ला झाला आणि थेट प्रक्षेपणाचा प्रश्न साऱ्या देशापुढे आला. कसाब खटल्याच्या २०१२ सालच्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने त्या वार्तांकनाबद्दल वाहिन्यांना कठोर शब्दांत फटकारले, आणि २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत बदल करून दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास मनाई करण्यात आली. अशी कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच प्रसारित करता येते. हा नियम चांगला असला तरी शाळेला आलेली धमकी त्याच्या कक्षेत सहजासहजी येत नाही, कारण तेथे कारवाई नसून तपासणी असते. शाळेच्या फाटकावर कॅमेरा कोठवर न्यावा, रडणाऱ्या मुलापुढे माइक धरावा की नाही, हे सारे त्यामुळे वार्ताहराच्या आणि संपादकाच्या विवेकावर उरते. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार पीडित किंवा साक्षीदार बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि त्यामागचे तत्त्व फाटकावर उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाला लागू पडते. घाबरलेल्या दहा वर्षांच्या मुलाने कॅमेऱ्यापुढे काय सांगितले, यातून प्रेक्षकाला कोणतीही उपयुक्त माहिती मिळत नाही.

ईमेलने येणाऱ्या धमक्यांचे सध्याचे पर्व १ मे २०२४ नंतर देशभर ठळकपणे जाणवू लागले. त्या दिवशी सकाळी दिल्ली आणि परिसरातील शंभराहून अधिक शाळांना एकसारखा मजकूर आला, लाखो मुलांना घरी पाठवावे लागले, आणि दुपारपर्यंत केंद्रीय गृह मंत्रालयाने ही धमकी पोकळ असल्याचे जाहीर केले. पाचच दिवसांनी, ६ मे रोजी, म्हणजे गुजरातमधील लोकसभा मतदानाच्या आदल्या दिवशी, अहमदाबादेतील अनेक शाळांना तशाच धमक्या आल्या. मग १३ मे रोजी जयपूरच्या शाळांची पाळी आली. तपासणीत कोठेही काही सापडले नाही. बंगळूरूने हाच अनुभव १ डिसेंबर २०२३ रोजी घेतला होता.

या धमक्या पाठवणाऱ्याचा माग लवकर का लागत नाही, हे समजून घेतले तर पोलिसांवरचा बराच रोष निवळेल. ईमेल ज्या सेवेतून पाठवला जातो तिचे संगणक अनेकदा परदेशात असतात. पाठवणारा व्हीपीएन वापरतो, म्हणजे आपली जोडणी दुसऱ्या देशातील संगणकामार्गे फिरवून स्वतःचा खरा पत्ता झाकतो. आणि त्या देशातील कंपनीकडून माहिती मिळवण्यासाठी सरकारांमधील परस्पर साहाय्याच्या करारांची वाट धरावी लागते, जी लांबलचक असते. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांनी बारावीच्या एका विद्यार्थ्याला शोधून काढले. परीक्षा टळावी म्हणून त्याने अनेक शाळांना धमक्या पाठवल्याचे त्यांनी सांगितले. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने अनेक राज्यांत धमक्या पाठवल्याच्या आरोपावरून चेन्नईतील एका अभियंता तरुणीला अटक केली; धमकी मिळालेल्या ठिकाणांत अहमदाबादच्या शाळा आणि क्रिकेटचे मैदानही होते. एकतर्फी प्रेमातून, संबंधित तरुणाला अडकवण्याच्या हेतूने तिने हे केल्याचा पोलिसांचा दावा आहे.

या दुसऱ्या प्रकरणातून पत्रकारितेने घ्यावयाचा धडा फार मोलाचा आहे. धमकीच्या मजकुरात किंवा ईमेलच्या पत्त्यात जे नाव असते ते पाठवणाऱ्याचेच असते असे मुळीच नाही. ते मुद्दाम, दुसऱ्याला गोवण्यासाठी किंवा एखाद्या समाजाकडे बोट दाखवण्यासाठी घातलेले असू शकते. असे असताना त्या नावावरून धर्म, प्रांत किंवा संघटना ठरवून मथळा देणे म्हणजे धमकी देणाऱ्याचा हेतू स्वतःच्या हाताने पुरा करणे होय. सुरतेसारख्या शहरात, जेथे लिंबायतच्या एका गल्लीत चार प्रांतांची आणि दोन धर्मांची घरे भिंतीला भिंत लावून असतात, अशा मथळ्याची किंमत संपादकाच्या कचेरीत नव्हे, त्या गल्लीत मोजली जाते. धमकीचा मजकूर शब्दशः छापणे किंवा पडद्यावर दाखवणे हेही तितकेच अनिष्ट आहे, कारण त्यातून पुढच्या खोडसाळ माणसाला तयार नमुना मिळतो.

धमकी आल्यानंतर शाळेत नेमके काय घडते याची माहिती पालकांना क्वचितच असते. मुख्याध्यापकांनी संदेश पाहताच तो न पुसता जपून ठेवून ११२ किंवा १०० या क्रमांकावर पोलिसांना कळवायचे असते; मग स्थानिक ठाण्याचे पोलीस, बॉम्बशोधक व नाशक पथक आणि श्वानपथक येते, मुलांना रांगेने मोकळ्या मैदानात नेले जाते, आणि इमारतीची खोलीवार तपासणी सुरू होते. वर्गखोल्यांना तुलनेने कमी वेळ लागतो. वेळ जातो तो जिन्याखालच्या अडगळीत, प्रयोगशाळेच्या कपाटांत, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांत, स्वच्छतागृहांत आणि उभ्या असलेल्या बसगाड्यांत. येथे शाळेचा शिपाई बाहेरून आलेल्या तज्ज्ञाइतकाच उपयोगी ठरतो, कारण कोणती पेटी रोजची आहे आणि कोणती नाही, हे त्यालाच ठाऊक असते. मोठ्या शाळेची अशी तपासणी पुरी व्हायला काही तास लागतात.

त्या काही तासांत पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दुसरीच घटना उलगडत असते. ‘पोलीस आले आहेत’ हे खरे वाक्य चौथ्या-पाचव्या हातात जाईपर्यंत ‘पोलिसांना काहीतरी सापडले आहे’ असे होते, कोणीतरी दुसऱ्या शहराचे जुने छायाचित्र टाकते, आणि तेच छायाचित्र ‘सूत्रांच्या हवाल्याने’ एखाद्या स्थानिक वाहिनीच्या बातमीपट्टीवर झळकले की गटातील अफवेला प्रतिष्ठा मिळते. दिल्लीत १ मे २०२४ रोजी शाळांत संशयास्पद वस्तू सापडल्याचे ध्वनिसंदेश फिरू लागले, तेव्हा ते खोटे असल्याचा खुलासा पोलिसांना तपासणी चालू असतानाच करावा लागला. दरम्यान फाटकापाशी दुचाकी, रिक्षा आणि मोटारींची इतकी दाटी होते की अग्निशमन दलाची गाडी किंवा रुग्णवाहिका आत नेणे कठीण व्हावे. आत धोका नसला तरी त्या चेंगराचेंगरीत धोका असतो, आणि मूल कोणाच्या हाती सोपवले याची नोंद न ठेवता फाटक उघडले तर मुले हरवण्याची शक्यता असते ती वेगळीच.

शाळा रिकामी करावी की नाही, हा निर्णयही दिसतो तितका सोपा नाही. १५ डिसेंबर २०१५ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या दोन शहरांच्या शिक्षण मंडळांना जवळजवळ सारख्याच धमक्या आल्या. लॉस एंजेलिसने नऊशेहून अधिक शाळा बंद ठेवून सुमारे ६ लाख ४० हजार विद्यार्थ्यांना घरी ठेवले, तर न्यूयॉर्कने मजकुरातील विसंगती पाहून तो खोटा ठरवला आणि शाळा चालू ठेवल्या. धमकी पोकळ निघाली, पण म्हणून लॉस एंजेलिसचा निर्णय मूर्खपणाचा ठरत नाही. दोनच आठवड्यांपूर्वी त्याच परिसरातील सॅन बर्नार्डिनोत १४ माणसे मारली गेली होती. भारतीय विमानतळांवर अशा प्रसंगी विशिष्ट आणि अविशिष्ट असा भेद करतात : जागा, वेळ, वस्तू यांचा नेमका उल्लेख असलेली धमकी विशिष्ट, आणि सरसकट सर्वांना पाठवलेली ती अविशिष्ट. एकच मजकूर शंभर शाळांना आला तर तो बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकार आणि पोलिसांना अशा धमक्यांसाठी सविस्तर कार्यपद्धती ठरवण्यास सांगितले, आणि त्यानंतर तेथे ती तयारही झाली. असे नियम प्रत्येक राज्याने करून ते पालकांपर्यंत पोहोचवायला हवेत, कारण निर्णय कसा घेतला जातो हे ज्याला आधी सांगितलेले असते तो पालक फाटकावर हुज्जत घालत नाही.

मुलांच्या सुरक्षेची अफवा कोणत्या थराला जाऊ शकते, हे २०१८ च्या जून-जुलैत दिसले. कराचीतील एका संस्थेने जनजागृतीसाठी केलेल्या चित्रफितीत दुचाकीवरून मूल पळवण्याचा देखावा होता; शेवटचा खुलासा कापून ती फीत भारतभर ‘टोळी आली’ म्हणून फिरवली गेली. २६ जून रोजी अहमदाबादच्या वाडज भागात जमावाने भिक्षा मागणाऱ्या एका स्त्रीचा जीव घेतला, आणि त्याच सुमारास सुरतेत स्वतःच्याच मुलीला घेऊन चाललेल्या एका आईला मूल पळवणारी समजून मारहाण झाली. १ जुलै रोजी सुरतेहून धुळ्याकडे येणाऱ्या महामार्गापासून फार दूर नसलेल्या, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारण्यात आले. पोलिसांनी नंतर गावोगावी खुलासे केले, व्हॉट्सॲपने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. भिक्षेसाठी पिढ्यान्‌पिढ्या गावे फिरणाऱ्या माणसांचे प्राण त्याआधीच गेले होते. लेकरांच्या काळजीतून निघालेला संदेश पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्या मृत्यूंचा वाटेकरी आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

सुरतेत या प्रश्नाला जे एक खास वळण आहे त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात, आणि ही या शहराची अभिमानास्पद गोष्ट आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली, यंत्रमाग आणि डायिंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांत काम करणारी मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. शेजारी गंजामचे उडिया आणि तेलंगणचे विणकर. संकटाच्या वेळी पोलीस आयुक्तालयाचे किंवा शाळेचे निवेदन निघते ते प्रायः गुजरातीत, फार तर हिंदीत. अफवा मात्र प्रत्येकाच्या घरच्या बोलीत येते. अहिराणीत, ओळखीच्या आवाजात, ‘पोरले लवकर लई ये’ असे सांगणारा ध्वनिसंदेश आणि परक्या लिपीतील अधिकृत पत्रक यांत बारा तासांच्या पाळीवर असलेली आई किंवा बाप कशावर विश्वास ठेवील, हे वेगळे सांगायला नको. यंत्राच्या खडखडाटात दोन तास फोन ऐकू येत नाही, आणि पाळी संपल्यावर एकदम तीस-चाळीस संदेश दिसतात. त्यांत खुलासा असलाच तर तो तळाशी कोठेतरी असतो. मराठी वृत्तपत्रांनी आणि सुरतेतील मराठी मंडळांनी या बाबतीत पुढाकार घेतला तर फार मोठे काम होईल.

मात्र शाळेच्या सुरक्षेचा विचार धमकीपाशीच संपवला तर सुरतेच्या सर्वांत दुःखद दिवसाचा अपमान होईल. २४ मे २०१९ रोजी दुपारी सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या व्यापारी इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावरील शिकवणीच्या वर्गातील २२ विद्यार्थ्यांचा बळी गेला. आग खालून वर चढली, लाकडी जिना पेटला, बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती, आणि गच्चीवर उभारलेल्या त्या जागेतील ज्वलनशील साहित्याने धुराचे लोट उठले. अग्निशमन दलाच्या शिड्या पुरेशा उंचीपर्यंत पोहोचल्या नाहीत. मुले खिडक्यांतून उड्या मारू लागली. खाली काही तरुण जिवावर उदार होऊन त्यांना झेलण्याचा, वर चढून उतरवण्याचा प्रयत्न करत होते, आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक हात मोबाइल उंच धरून चित्रण करत होते. दुसऱ्या दिवशी बारावीचा निकाल लागला, तेव्हा मृतांतील काही विद्यार्थी उत्तीर्ण झाल्याचे कळले. कोसळणाऱ्या मुलांची ती दृश्ये वाहिन्यांवर दिवसेंदिवस फिरत राहिली. ज्यांचे मूल त्या दृश्यात होते त्या आईबापांचा विचार करून ती थांबवण्याचा अधिकार प्रत्येक संपादकाकडे होता.

या दुर्घटनेपूर्वी कोणताही ईमेल आला नव्हता. इशारा मात्र मिळाला होता : अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, सुरतेच्याच वेसू भागातील आगम आर्केडला आग लागून शिकवणीला आलेल्या मुलांची धावपळ उडाली होती आणि दोघांचा जीव गेला होता. ती बातमी दोन-चार दिवसांत मागे पडली. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या आगीत ९४ मुले जळून गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशातील सर्व शाळांत अग्निसुरक्षेची व्यवस्था सक्तीची केली होती, आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वेही दिली होती. खासगी शिकवण्या या चौकटीतून निसटल्या. तक्षशिलानंतर गुजरातभर शिकवणीवर्ग बंद करून अग्निसुरक्षेच्या ना हरकत प्रमाणपत्रासाठी मोहीम निघाली, अधिकारी निलंबित झाले; तरी त्या दिवसाला पाच वर्षे पुरी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २५ मे २०२४ रोजी, राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये असे प्रमाणपत्र नसताना आग लागून लहान मुलांसह २७ माणसे मरण पावली, आणि गुजरात उच्च न्यायालयाने ती मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले.

मे २०२४ या एकाच महिन्यात गुजरातने ६ तारखेला पोकळ धमकीचे वार्तांकन पाहिले आणि २५ तारखेला ज्या धोक्याची बातमी कोणी केली नव्हती त्यात माणसे गमावली. धमक्यांकडे दुर्लक्ष करावे असा याचा अर्थ मुळीच नाही. २००८ ची सुरत ज्यांना आठवते ते असे म्हणणार नाहीत. पण धमकीच्या दिवशी शाळेच्या फाटकावर जितके कॅमेरे जातात त्यांतील एक जरी कॅमेरा एरवी, कोणत्याही साध्या दिवशी, शाळेच्या मागच्या जिन्यापर्यंत गेला आणि तेथे कुलूप आहे की वाट मोकळी आहे हे त्याने दाखवले, तर ती बातमी अधिक मुलांच्या उपयोगी पडेल. पत्रकारितेचे हे काम कंटाळवाणे आहे, त्याला प्रेक्षक कमी मिळतात, आणि तरीही ते टाळता येणार नाही.

सुरतेच्या पालकांनी, विशेषतः महानगरपालिकेच्या मराठी शाळांत मुले असलेल्या पालकांनी, जून महिन्यात शाळा उघडताच होणाऱ्या पहिल्या पालकसभेत मुख्याध्यापकांना काही गोष्टी विचाराव्यात : संकटात शाळेचा अधिकृत संदेश कोणाच्या क्रमांकावरून येईल, तो मराठीत येईल का, पालकांनी फाटकाऐवजी कोठे जमायचे, मूल कोणाच्या हाती सोपवले जाईल याची यादी शाळेकडे आहे का, आणि इमारतीतून बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती. उत्तर मिळाल्यावर ती दुसरी वाट मुलासोबत एकदा स्वतः चालून पाहावी.